तेरा गाठींची दोरी

ये, अशी जवळ ये. तो फोन आधी उलटा ठेव. हाव, मले समजते, तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे वडनेरात ओसरीवर मांडीवर वही घेऊन बसली. पण तुले जवळ बसवल्याबिगर माझ्या हातून एक ओळ लिहून होत नाई. आणि आज तर मले तुले थोडं रागवाचं आहे. दुरून रागवलं का त्याचं भांडण होते, जवळून रागवलं का माया होते. म्हून जवळ.

परवा तू फोनवर काय म्हणली? "आई, चार दिवसापासून पोरीसाठी डॉक्टर पाहून राह्यली. एकाले साडेचार चांदण्या आहेत, दुसऱ्याले चारच, पण त्याच्याकडे गाडी लावाले जागा आहे." मले हसूच आलं. अव बाई, तू डॉक्टर पाहून राह्यली का लग्नाचं कार्यालय? लेकराईचा डॉक्टर म्हणते पोरगी मोठी झाली, मोठ्याईचा म्हणते अजून लहान आहे, हे तुझं रडगाणं मी ऐकलं. ते खरंही आहे. तेरा-चौदाचं लेकरू म्हणजे दोन गावाच्या शिवेवरचं झाड, कोणीच आपलं म्हणत नाई.

पण रागवाचं ते याच्यासाठी नाई. दिवाळीत मी माझ्या डोळ्यानं जे पाह्यलं, त्याच्यासाठी रागवाचं आहे. तवा मी बोलली नाई. जावयाच्या घरी पाहुणी होती, गप्प राह्यली. मले गप्प राहाले किती त्रास होते ते तुले ठाऊकच आहे.

पोरीले घेऊन आपण तिघी त्या काचेच्या दवाखान्यात गेलतो. तिले रोज सकाळी शाळेच्या वेळेवर पोटात दुखते, डबा तसाच्या तसा वापस येते, तोंड सुकलं, आणि घरी आली का खोलीचं दार लावून बसते. डॉक्टरनं तिच्याकडे पाहून इचारलं, "काय होतंय बेटा?" आणि उत्तर कोणी देल्लं? तू! "आम्हाला ना डॉक्टर, भूकच लागत नाही. आम्ही सकाळी दूधही पीत नाही." आम्ही! तू तर चांगल्या दोन पोळ्या खाऊन आलती. पोरगी तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच, आणि तू अशी बोलून राह्यली जशी ती मांडीवर दुपट्यात आहे. मंग डॉक्टरनंही तिच्याकडे पाहाचं सोडलं. तुझ्याकडे पाहून चिठ्ठी लिहिली. पोरगी भिंतीवरचं हत्तीचं चित्र पाहत बसली आणि मी तिच्याकडे पाहत बसली. मले एकदम तो बाक आठवला.

तो बाक तुले माहीत नाई. तू तवा दाराच्या अंदर होती, बाकावर मी होती. अंदरची गोष्ट तुझी, बाहेरची माझी. माझी मी आजवर कोणाले सांगतली नाई, तुझ्या बाबालेही पुरी नाई. आता ऐक.

सुरुवात मात्र दवाखान्यात नाई होत, बैलापासून होते.

तू झाली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकराईचा पोळा. चाकाचा लाकडी बैल दोरीनं ओढत लेकरं घरोघर जातात, आणि लोकं त्याईच्या हातावर बोजारा ठेवतात, कोणी नाणं, कोणी खाऊ. गल्लीतली लेकरं बैल घेऊन आपल्या दारात उभी, आणि तेवढ्यात अंदर तू रडली. तुझे आबाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून ओरडले, "घ्या! बोजारा मागाले अजून एक आलं!" मुलगी झाली म्हून कोणी तोंड वाकडं केलं असन तर असन, पण आबाजी दुसऱ्याच दिवशी सुताराकडे गेले आणि सागाच्या तुकड्याचा बैल सांगून आले. शेजारचे म्हणले, "पोरीले कायले बैल?" आबाजी म्हणले, "काऊन? बैल तुमाले इचारून चालते का?"

मंग दर तान्ह्या पोळ्याले आबाजीचं एक काम ठरलेलं. लेकरू उंच झालं का दोरी आखूड पडते, बैलाचं तोंड वर उचलते, पुढची चाकं जमिनीले टेकत नाईत. म्हून ते दरवर्षी जुन्या दोरीले चार बोटं नवी दोरी जोडत. गाठ मारत, गाठीले हळद लावत, आणि म्हणत, "झालं, एक वर्ष बांधलं." एका वर्षाची एक गाठ. आपल्या घरात जन्माचा दाखला कोणी सांभाळला नाई, ती दोरी सांभाळली.

आता कागदाचं सांगते. तुझे बाबा गावच्या शाळेत मास्तर. त्या वेळी रीतच होती. लेकराचं नाव घालाले आलेला बाप हळूच म्हणे, "मास्तर, दोन वर्षं कमी लिहा. उद्या सरकारी नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त करन बिचारं." मास्तर लिहीत. सगळेच लिहीत. तू सात वर्षाची होईपर्यंत आबाजीच्या मागंमागं वावरात फिरत होती, नाव घातलं तवा कागदावर पाचाची झाली. वाईट बुद्धीनं नाई केलं तुझ्या बाबानं. लेक शिकन, नोकरी करन, म्हातारपणी दोन वर्षाचा पगार तिच्या पदरात जास्तीचा पडन, एवढी लांबची माया. आता तू कंपनीत लागली, तिथं कोणी वय इचारत नाई, काम झालं का तेवढं इचारतात. ते राहू दे.

पण नाव घातल्यावर बाबानं मले बजावून ठेवलं, "कोठंही गेली तरी वय कागदावरचंच सांगाचं. दोन वयं निघाली का माझी मास्तरकी गेली समज." मी तवा चौथी शिकलेली बाई. बाकीचं वाचन तर मंग तुझ्याच पुस्तकाईतून झालं, तू शाळेत गेली का मी तुझा धडा वाचत बसे. मले तवा वाटे, सरकारचे सगळे कागद एकमेकाईचे सोयरे असतात. दवाखान्यातला कागद शाळेतल्या कागदाच्या घरी जाईन, चहा पिईन, आणि सगळं सांगून येईन.

अशीच वर्षं गेली, आणि आला तुझा तेरावा तान्हा पोळा.

तुझ्यासंगच्या पोरी तवा बैल ओढाच्या वयातून निघाल्या होत्या. घरात पुऱ्या लाटत, वेणीले फुलं लावत, लहान्याईले हसत. आणि तू अजून लहान्याईच्या रांगेत. कोणाले काही नवल वाटलं नाई, कारण तू दिसतच तेवढी होती. आबाजीनं चार बोटं दोरी जोडली, हळद लावली. तू अंगणातून निघाली आणि मी पाह्यलं, दोरी लोंबून राह्यली. बैलाच्या चाकाखाली येऊन राह्यली. तू दोन पावलं चाले, थांबे, दोरी मनगटाले गुंडाळे, परत चाले.

आबाजी पाहत होते. म्हणले, "सूनबाई, मागच्या सालीही अशीच लोंबली होती. मले वाटलं, म्याच जास्त जोडली." मंग थोड्या वेळानं आवाज खाली करून म्हणले, "पोरगी दोन पोळे जागच्या जागी उभी आहे."

तेवढं ऐकलं आणि मले एकएक गोष्ट दिसाले लागली, जी रोज समोर होती. वैशाखात आपल्याकडचं ऊन तुले सांगाले नोको, सावलीत बसलेलं माणूसही भाजते. आम्ही अंगणात पाणी मारून मारून थकत होतो, आणि तू ओसरीवर गोधडी पांघरून. "आई, थंडी वाजते." आम्ही म्हणलो, नाटकं करते. शाळेतून आली का झोप. अंग कोरडं, आवाज घोगरा. हाक मारली तर तुले ओ द्याले इतका वेळ लागे का माणूस इसरून जाय, आपण हाक कायले मारली. आणि येणारे-जाणारे म्हणत, "किती गुणाची पोर, आवाज नाई तिचा." आपल्याकडे पोरगी थकली का तिले गुणाची म्हणतात, हे मले तवा समजलं.

आधी तुले हिंगणघाटले नेलं, लेकराईच्या डॉक्टरकडे. चांगला माणूस होता, त्याची चूक नाई, हे पहिले सांगते. त्यानं वजन केलं, भिंतीवरच्या पट्टीनं उंची मोजली आणि इचारलं, "वय?" तू तोंड उघडाच्या आधी मी म्हणली, "अकरा." त्यानं एका तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणला, "अकराच्या मानानं अगदी बरोबर आहे. काळजी करू नका." थंडीचं, झोपेचं मी काही बोललीच नाई. मले वाटलं, तो तुझा स्वभाव आहे, स्वभावाची का दवा असते? टॉनिकची बाटली घेऊन मी हसत बाहेर आली. तोंडानं हसत. मनात मात्र हिशोब सुरू होता. अकराच्या मानानं बरोबर आहे, तर तेराच्या मानानं? हे इचारावं तरी कोणाले? तेरा तर मी सांगतलेच नव्हते. सवालच खोटा घातला, तर उत्तर खरं कोठून येईन?

टॉनिक संपलं, तू तेवढीच. मोठ्याईच्या डॉक्टरले दाखवलं. तो म्हणला, "अकराचीच आहे ना? अजून लेकरूच आहे, लहान मुलांच्या डॉक्टरकडे न्या." गेलो तसे वापस आलो.

मंग आपल्या गावच्या नर्सबाईनं सांगतलं, "वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण आहे. लेकराईचीच, पण मोठ्या होत चाललेल्या पोरापोरीलेही मन लावून पाहते. फक्त एक आहे, ती मायेले बाहेर काढते." मले वाटलं, नर्सबाई गंमत करून राह्यली.

वेचणीचे दिवस होते. कापूस सोडून मी तुले घेऊन निघाली. बाबा सायकल हातात धरून स्टँडपर्यंत आले. बस आली तवा म्हणले, "ध्यानात आहे ना?" म्हणजे वय. पोरीच्या तब्येतीचं नाई, वयाचं इचारलं. मले भल्ला राग आला. पण त्याईच्या तोंडाकडे पाह्यलं तर तेही आठ दिवसाचे उपाशी असल्यावाणी. नोकरीवर सगळं घर होतं. भिणारा माणूस वाईट नसते, फक्त त्याले एकच गोष्ट दिसते.

बसमध्ये कंडक्टर आला. "मावशी, हे अर्धं का पूर्ण?"

"अर्धं. अकराची आहे."

तू खिडकीबाहेर पाहत होती. तशीच म्हणली, "आई, मले तेरा झाले ना."

म्या तुझ्या दंडाले चिमटा काढला. जोरात. कंडक्टर हसला आणि अर्धं तिकीट फाडून देत म्हणला, "मले तर नऊची दिसून राह्यली." गेला तो पुढं. तू दंडही चोळला नाई, खिडकीबाहेरच पाहत राह्यली. तो चिमटा तू इसरली असशीन. माझ्या बोटाईत अजून आहे.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं केसपेपरवर अकरा लिहिलं. नंबर लागला. डॉक्टरीण चाळिशीच्या पुढची, सुती साडी, चष्मा गळ्यात दोरीले अडकवलेला. माझं सगळं ऐकून घेतलं. मी बोलत होती, बोलत होती. ती माझ्याकडे थोडं आणि तुझ्याकडे जास्त पाहत होती. मंग म्हणली, "आई, तुम्ही आता जरा बाहेर बसा."

"बाहेर? बाई, मी तिची माय आहे."

"म्हणूनच. तुमचं ऐकलं, आता तिचं ऐकते. ह्या सिस्टर इथेच आहेत."

"तिले नाई सांगता येत काही. बुजरी आहे."

"असू द्या. मला घाई नाही."

आणि दार लागलं. माझ्या पोटच्या पोरीत आणि माझ्यात पहिल्यांदा एक दार.

बाहेर लाकडी बाक होता. त्याच्यावर एक जाडशी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत केळ्याची फणी. माझ्याकडे पाहून म्हणली, "तुमालेही काढलं काय?"

"हाव."

"मले तर दुसऱ्यांदा काढलं. सेलूवरून येतो आम्ही. माझा पोरगा घरी मुका, हाक मारली तर अंगावर येते. आणि अंदर गेला का पोपटावाणी बोलते म्हणे! काय बोलत असन हो?"

"मले काय ठाऊक. माझीही अंदरच आहे."

"घ्या, केळं खा. आमच्या बागेतलं आहे. बाहेर काढलेल्या मायले भूक लागते, मले अनुभव आहे."

मी केळं हातात घेतलं, खाल्लं नाई. माझे कान दाराले लागले होते. माझं ध्यान एकाच गोष्टीत, ही पोरगी वय सांगन. सांगू नये. सांगू नये, देवा. आणि त्याच दमात दुसरं मन म्हणे, सांग व माय, तूच सांग, मले तर सांगता येत नाई. एकाच बाकावर दोन बाया बसल्यावाणी मी बसली होती.

तेवढ्यात अंदरून तुझं हसणं ऐकू आलं.

खरं सांगू? मले आनंद नाई झाला. राग आला. वर्षभरात तू माझ्यासमोर अशी हसली नव्हती, आणि त्या परक्या बाईसमोर खळखळून हसली. मी काय वाईट होती का? मंग रडू आलं. सेलूवालीनं माझ्या हातातलं केळं सोलून परत माझ्या हातात देल्लं. मी खाल्लं. तेवढं गोड केळं मी त्याच्यानंतर खाल्लं नाई.

दार उघडलं. "आई, या." तू खुर्चीवर बसली होती, पाय जमिनीले टेकत नव्हते. एक हात दंडावर, चिमट्याच्या जागी. डॉक्टरनं केसपेपर माझ्याकडे फिरवला आणि अकराच्या आकड्यावर पेन ठेवला.

"आई, ही म्हणते, हिच्या बैलाच्या दोरीला तेरा गाठी आहेत. कागद म्हणतो अकरा. मी कोणाचं ऐकू?"

माझ्या समोर तुझ्या बाबाचा स्टँडवरचा चेहरा आला.

"तिले... तिले काही आहे काय बाई?"

"तेच मला शोधायचं आहे. अकराची असेल तर घाई नाही, थोडे महिने थांबू. तेराची असेल तर हिचे वाढायचे दिवस हातातून चालले आहेत, मग आजच रक्त घ्यावं लागेल. तुम्ही सांगाल तसं."

ती रागावली असती तर मी खोटं बोलली असती, इतकी मी भ्याली होती. ती रागावली नाई. पेन धरून थांबली फक्त. आणि तू माझ्याकडे पाहत नव्हती. पायातल्या चपलीकडे पाहत होती, जशी तुले आधीच माहीत होतं का आई काय सांगणार आहे.

मी म्हणली, "दोरीचं ऐका."

आवाज इतका बारीक निघाला का तिले ऐकूच गेलं नाई. "काय म्हणालात?"

"तेरा. दोरी खरी आहे बाई. कागद आमीच लिहिला." आणि लगेच इचारलं, "हा कागद शाळेत जाते का?"

ती माझ्याकडे पाहत राह्यली. समजलं तिले. हसली नाई, हे मी जन्मभर इसरणार नाई. म्हणली, "हा कागद तुमच्या पिशवीत जातो. मी मास्तर नाही, पोलीस नाही. मला फक्त हिची उंची वाढवायची आहे." आणि अकरा खोडून तिनं तेरा लिहिले. माझ्या डोळ्यासमोर दोन काड्याचा आकडा खोडला, बस तेवढंच काम होतं.

रक्त तपासलं, हाताचा फोटो काढला. हाडं दहाच्या पोरीची निघाली. डॉक्टरनं सांगतलं, गळ्यात फुलपाखरावाणी एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात, तुझी झोपली होती. म्हून थंडी, म्हून झोप, म्हून दोन पोळे जागच्या जागी. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी. एवढीशी, तिळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी इचारलं, "उशीर झाला का बाई?" ती म्हणली, "अजून दोन वर्षं अकराच्या मानानं बरोबर म्हणत बसलो असतो, तर झाला असता."

घरी आली तवा बाबा पानावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगतलं, "मी तेरा सांगतले." त्याईचा घास हातातच राह्यला. मले वाटलं, आता घर डोक्यावर घेतीन. पण त्याईनं पहिले इचारलं, "पोरीले काय निघालं?" मी सगळं सांगतलं. आबाजी ओसरीवरून ऐकत होते. तिथूनच म्हणले, "मास्तर, तू कागदावर दोन वर्षं वाचवली, आणि इकडे पोरीची दोन वर्षं उभी राह्यली."

दुसऱ्या सकाळपासून गोळीचं काम बाबानं स्वतःकडे घेतलं. मी चूल पेटवाच्या आधी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन तुझ्या उशाशी उभे. तू डोळे न उघडता गिळे. आणि महिनोन्महिने पोस्टमन गल्लीत दिसला का त्याईचं तोंड पांढरं पडे. कोणतंच पत्र आलं नाई. शाळेतला कागद आणि दवाखान्यातला कागद एकमेकाले कधीच भेटले नाईत. कागद आपल्यापेक्षा अबोल असतात.

पुढच्या तान्ह्या पोळ्याले तू म्हणली, "मी नाई ओढत बैल, मी मोठी झाली." पण आबाजीनं तुले अंगणात उभं केलंच. मागची लोंबणारी दोरी सगळी खपली, तरी पुरेना, बैलाचं तोंड वर. मंग चार बोटं जोडली. आबाजी डोळे पुसत ओरडले, "लबाड! दोन वर्षाचं एकदम मागते!" गाठ मात्र एकच मारली. म्हणले, "वर्ष तर एकच झालं ना." ती शेवटची गाठ. आबाजी गेले, बैल खुंटीले टांगला आहे, रंग उडाला, पण दोरी तशीच आहे. मी अधूनमधून काढून गाठी चाचपते. माळ ओढल्यावाणी.

आता तू म्हणशीन, आई, मले माझीच गोष्ट सांगून राह्यली. नाई, मी बाकाची सांगून राह्यली. त्या दिवशी अंदर तू काय काय बोलली, कायले हसली, ते मले आजही ठाऊक नाई. एकदा मी डॉक्टरीणले खोदून इचारलं होतं. ती म्हणली, "दुखण्याचं होतं ते तुम्हाला सांगितलं. बाकीचं तिचं आहे." मले तवा झोंबलं. तुझं म्हणजे माझंच ना? वर्षं गेल्यावर समजलं, का नाई. आणि त्या बाईसमोर तू तुझं बोलू शकली, म्हून तर मले माझं खरं बोलता आलं. तूच आधी बोलली. मी तुझ्या मागून बोलली.

तुझ्या पोरीले काय आहे ते मले माहीत नाई. मी का डॉक्टर आहे? तुझ्यासारखं गळ्याचं असन, नाई तर शाळेतलं काही असन, कोणी काही बोललं असन. पण रोज सकाळी शाळेच्याच वेळेवर दुखणारं पोट काहीतरी सांगून राह्यलं, आणि तू त्याच्या पुढं उभी राहून बोलून राह्यली. जसं मी त्या दिवशी हिंगणघाटले केलं तसंच. मी वय झाकलं, तू पोरगीच झाकून राह्यली. चांदण्या नोको पाहू. असा डॉक्टर पाहा जो तुले बाहेर काढते. पुण्यात असन, भल्ले असतीन. फोनवर इचारजो, "मायले बाहेर बसवता का?" हाव म्हणला तर तो आपला.

मी मात्र वाट पाहत नाई बसली. मागच्या बुधवारी बसनं वर्ध्याकडे जाऊन आली. आता तर सगळ्या बायाईलेच अर्धं तिकीट, कंडक्टरनं वय इचारलंच नाई, मले थोडं चुकल्यासारखं झालं. ती डॉक्टरीण कवाची निवृत्त झाली. दारावर आता लिहिलं आहे, बालक व किशोरवयीन. म्हणजे शिवेवरच्या झाडाले आता पाटी लागली. अंदर एक जवान डॉक्टर आहे, आवाज मऊ. मी इचारलं, "मायले बाहेर काढता का हो?" तो म्हणला, "काढावं लागतं आजी, पण चिडतात फार." मी म्हणली, "माझी लेक चिडन. मी सांभाळीन तिले." बाक बदलला आहे. आता लोखंडाचा आहे, बसलं का थंड लागते.

आणि एक सांगू का नोको, असं कालपासून चाललं होतं, पण सांगतेच. काल तू अंघोळीले गेलती तवा फोन पोरीनं उचलला. मी म्हणली, "आजीकडे येतं का? आपल्याकडे एक डॉक्टर आहे." तिकडून दार लावल्याचा आवाज आला. मंग हळूच म्हणली, "आजी, आई आत येणार नाही ना?"

बस, एवढंच. रडू नोको. मीही त्या बाकावर रडली होती, त्यानं काही कमी होत नाई. तुझ्यावर तिचा राग नाई, तसा तुझाही माझ्यावर नव्हता. तिले फक्त एक दार पाह्यजे आणि दाराच्या अलीकडे तू बसलेली पाह्यजे. उठून गेलेली नाई, बसलेली.

म्हून ये. शाळेची सुट्टी लागाची वाट नोको पाहू, दोन दिवस बुडले तर काही मोठं होत नाई. तुझे बाबा रोज इचारतात, आणि बैल मी आजच खुंटीवरून काढून पुसला, पोरीले गाठी मोजू देजो. ती अंदर जाईन, आपण दोघी बाहेर बसू. सतरंजीची घडी मी घेईन बाकासाठी, आणि केळी सेलूवरून मागवते. लवकर येजो व माय. लवकर येजो.